न मागवलेलं पार्सल दारात आलंय? आधी लेबल वाचा, कायदा नंतर

हा एकच बिघाड मी इतक्या वेळा निस्तरलाय, की फोनवर "अरे, एक पार्सल आलंय" एवढं ऐकलं की पुढचं मला पाठ असतं: "आणि आम्ही तर काही मागवलंच नाही." तीनदा माझ्याच घरी झालं, बाकी सगळं नात्यात, शेजारी आणि ऑफिसात. मी वकील नाही. विक्रेत्यांना पत्रं लिहून देणं, खाती तपासणं आणि घाबरलेल्या माणसाला आधी खुर्चीवर बसवणं, एवढंच मी करतो.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ठेवून घेतलं तर चालेल का?" त्याचं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पार्सलवर नाव कोणाचं आहे, आणि पैसे कोणाच्या खिशातून गेले. हे कळल्याशिवाय कायदा उघडून बसण्यात अर्थ नाही. "न मागता आलेली वस्तू तुमचीच" हे इंटरनेटवर जागोजागी लिहिलेलं सापडतं. ते खोटं नाही, पण ते प्रामुख्याने अमेरिकेच्या कायद्यावरून उचललेलं आहे आणि तिथेही सगळ्या पार्सलांना लागू होत नाही.

लक्षणं

वरवर सगळी पार्सलं सारखी दिसतात, दुखणं मात्र वेगवेगळं असतं. तुमचं यापैकी कुठलं, ते आधी बघा.

– नाव तुमचं, पत्ता बरोबर, पैसे कुठूनही गेलेले नाहीत. आत किरकोळ वस्तू: खोटी अंगठी, मोबाइलचं कव्हर, बियांचं पाकीट. पाठवणाऱ्याच्या नावावरून काही बोध होत नाही.
– दारात डिलिव्हरीवाला उभा आहे आणि पैसे मागतोय. घरात ऑर्डरी देणारं माणूस नेमकं बाहेर गेलंय.
– पत्ता तुमचा, नाव भलत्याचंच.
– एक मागवलं, दोन आले. किंवा मागवलं एक, आलं दुसरंच.
– एकदा "फुकट नमुना" म्हणून मागवलं होतं, आता दर महिन्याला येतंय.
– महागडी वस्तू आली आणि तुमच्या खात्यातून पैसेही गेलेत.
– महागडी वस्तू आली, पैसे गेले नाहीत, आणि तासाभरात कुणीतरी "चुकून तुमच्याकडे आलं" म्हणत हजर.
– वस्तू येऊन महिना उलटला, तुम्ही ती विसरलात, आणि आता आधी बिल, मग स्मरणपत्र, मग तगादा.

शेवटची तीन लक्षणं असतील तर पुढचं सगळं ओळीने वाचत बसू नका. खाली "इथे थांबा" म्हटलंय तिथे आधी जा.

पहिली तपासणी: लेबल

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. तरी दहातले आठ जण लेबल फाडूनच पार्सल उघडतात आणि मग मला वस्तूचा फोटो पाठवतात. वस्तूवरून काहीच कळत नाही. जे कळतं ते लेबलवरून. पाकीट फोडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा: नाव, पत्ता, मोबाइल नंबर, ट्रॅकिंग नंबर, वजन, परतीचा पत्ता, "रक्कम वसूल करा" असं काही छापलंय का.

माझ्या मावशीकडे करड्या रंगाचं, तळहाताएवढं प्लास्टिकचं पाकीट आलं होतं. आत पातळ फेसाच्या कागदात गुंडाळलेली, खड्याची म्हणावी अशी अंगठी. मावशी अंगठीकडे बघत होती, मी लेबलकडे. नाव तिचंच, पण लग्नाआधीच्या आडनावासकट. मोबाइल नंबर तिने चार वर्षांपूर्वी बंद केलेला. त्या आडनावाने आणि त्या नंबराने तिने आयुष्यात एकाच ठिकाणी खातं उघडलं होतं, तेही एका बंद पडलेल्या खरेदीच्या ॲपवर. माहिती कुठून फुटली असावी याचा अंदाज त्या एका ओळीतून आला. म्हणून नाव कसं लिहिलंय, स्पेलिंग कोणतं, कोणता नंबर, कोणता जुना पत्ता, हे बारकाईने बघा. तुमच्या नावाची ही नेमकी आवृत्ती तुम्ही कुठे दिली होती, ते आठवा.

नाव दुसऱ्याचं असेल तर इथेच हात आखडता घ्या. ते पार्सल "न मागवलेलं" नाही, ते चुकीच्या दारात आलेलं आहे. कुणीतरी त्याची वाट बघतंय. ते उघडू नका. अमेरिकेत दुसऱ्याच्या नावचं टपाल अडवणं किंवा फोडणं हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि जिथे असा खास कायदा नसेल तिथेही दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून ठेवायची परवानगी कुणी देत नाही. ट्रॅकिंग नंबर घेऊन कुरिअरला कळवा, नाहीतर आधी शेजारच्या इमारतीत त्याच क्रमांकाच्या घरी विचारून या. तिथेच बऱ्याचदा निकाल लागतो.

दुसरी: घरात विचारा, आणि खरोखर विचारा

हे इतकं साधं आहे की लोक ते टाळतात. माझं स्वतःचं पहिलं "रहस्यमय" पार्सल भावाच्या मित्राने पाठवलेली भेट निघालं. मी तोपर्यंत विक्रेत्याला तीन परिच्छेदांची खरमरीत तक्रार धाडून बसलो होतो. भेटीची चिठ्ठी खोक्याच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या दुहेरी घडीत अडकलेली होती. तेव्हापासून मी खोकं उलटं करून झटकल्याशिवाय पुढे जात नाही.

विचारताना "कुणी काही मागवलंय का?" असं विचारू नका, सगळे "नाही" म्हणतात. फोटो पाठवा. भावंडं, मुलं, आईवडील, आणि आधी त्या घरात राहून गेलेलं माणूस. पूर्वी तुमच्याकडे राहिलेल्या भाच्याच्या खात्यात तुमचाच पत्ता "नेहमीचा" म्हणून साठवलेला असतो आणि त्याने घाईत तोच दाबलेला असतो. माल शिल्लक नसताना नोंदवून ठेवलेल्या आणि विसरलेल्या ऑर्डरीही याच खात्यात जमा करा.

तिसरी: ऑर्डरींचा इतिहास आणि मेल

जिथे जिथे तुमचं खातं आहे तिथला ऑर्डरींचा इतिहास उघडा. फक्त पहिलं पान बघून थांबू नका. बऱ्याच ॲपमध्ये ऑर्डर नजरेआड ठेवण्याची सोय असते, आणि खात्यात घुसलेला चोर नेमकी तीच वापरतो. मेलमध्ये विक्रेत्याचं नाव, ट्रॅकिंग नंबर आणि वस्तूचं नाव तिन्ही शोधा, स्पॅमसकट. मध्येच शेकडो फालतू मेलचा पूर आलेला दिसला तर कान टवकारा. खऱ्या ऑर्डरीची पोच दिसू नये म्हणून हा कचरा मुद्दाम ओतला जातो.

ऑर्डर तुमच्या खात्यात सापडली पण तुम्ही दिलेली नाही, तर हा ग्राहकहक्काचा नाही, खातं चोरीला गेल्याचा प्रकार आहे. पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय दाबा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा, साठवलेले पत्ते आणि कार्डं तपासा. अनोळखी पत्ता दिसला तर पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या.

चौथी: पैसे

बँक, क्रेडिट कार्ड, वॉलेट, "नंतर भरा" वाली खाती. गेल्या दोन महिन्यांची नोंद ओळ न ओळ वाचा, आणि मोठ्या रकमांपेक्षा किरकोळ रकमांकडे जास्त लक्ष द्या. चोर आधी खडा टाकून बघतो. अगदी बारीक रक्कम निघते, कुणी ओरडत नाही, मग मोठा हात मारला जातो.

या तपासणीवर मी का अडून बसतो, तर इथे वाट दुभंगते. पैसे गेले नसतील तर पुढचं सगळं निवांत करता येतं. गेले असतील तर घड्याळ सुरू झालेलं असतं. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुणाच्या घुसखोरीमुळे व्यवहार झाला असेल आणि तुम्ही बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावलेत तर काही भार तुमच्यावर येतो, त्याहून उशीर केलात तर बँकेच्या धोरणावर. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या बिलातली चूक लेखी कळवायला ते बिल पाठवल्यापासून ६० दिवस मिळतात. वस्तू परत कशी करायची याचा घोळ घालत लोक हेच दिवस घालवतात.

मग फुकट का पाठवतं कुणी?

पैसे गेले नाहीत, नाव तुमचं, वस्तू किरकोळ: हे लक्षण सगळ्यांत जास्त बुचकळ्यात टाकतं, म्हणून जरा सविस्तर.

याला ब्रशिंग म्हणतात. ऑनलाइन बाजारात शेकडो विक्रेते तीच वस्तू विकतात. वर दिसायचं तर विक्री आणि चांगले अभिप्राय हवेत, आणि "खरोखर खरेदी केलेल्या" ग्राहकाचा अभिप्राय जास्त वजनाचा. मग विक्रेता कुठून तरी मिळवलेलं तुमचं नाव-पत्ता वापरून ग्राहकाचं खातं उघडतो, स्वतःच स्वतःचा माल विकत घेतो आणि काहीतरी हलकं, स्वस्त पाकीट तुमच्याकडे धाडतो. पाकीट पोहोचलं अशी कुरिअरची नोंद झाली की ऑर्डर खरी ठरते. मग तुमच्या नावाने तोच पाच तारे देतो. अंगठीची लिलावात बोली लागावी म्हणून ती पाठवलेली नसते. पोच एवढाच तिचा उपयोग. कित्येकदा ऑर्डर घड्याळाची असते आणि पाकिटात येतं कव्हर.

२०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत घरोघरी न मागवलेल्या बियांची पाकिटं आली. बऱ्याच लेबलांवर दागिने असं लिहिलेलं होतं आणि पाठवण्याचं ठिकाण चीन. तिथल्या कृषी खात्याने सांगितलं, पेरू नका, फेकू नका, वेष्टन आणि लेबल जपून ठेवा आणि राज्याच्या अधिकाऱ्यांना कळवा. खात्याचा कयास ब्रशिंगचाच होता. तरी पेरू नका म्हणण्यामागे कारण होतं: परकं बी म्हणजे परकं तण, परकी कीड किंवा रोग. फेकलं तरी ते उकिरड्यावर उगवू शकतं.

ब्रशिंगमध्ये तुमचं थेट नुकसान होत नाही, पण तुमचा पत्ता आणि नंबर बाजारात फिरतोय एवढं नक्की कळतं. ज्या बाजारातून पार्सल आलं त्यांना कळवा, तुमच्या नावावरचे खोटे अभिप्राय काढायला सांगा, पासवर्ड बदला. बस. मावशीने ती अंगठी नातीच्या बाहुलीला घातली.

पाकिटात चिठ्ठी आणि त्यावर क्यूआर कोड असेल तर मात्र खेळ वेगळा. "ही भेट कुणी पाठवली ते पाहण्यासाठी स्कॅन करा" असं वाचल्यावर हात शिवशिवतोच. तोच तर गळ. कोड तुम्हाला खोट्या पानावर नेतो, तिथे कार्डाची किंवा खात्याची माहिती मागितली जाते, नाहीतर फोनमध्ये भलतंच काही उतरतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. चिठ्ठीवरचा फोन नंबरही तसाच. कंपनीशी बोलायचं असेल तर तुमच्या ॲपमधून जा, चिठ्ठीवरून नाही.

पाचवी: दारात पैसे मागणारं पार्सल

कॅश ऑन डिलिव्हरीची गोम एका वाक्यात: पैसे आधी, खोकं उघडणं नंतर. त्यामुळे तुमच्या हातात जी काही ताकद आहे ती पैसे देईपर्यंतच. एकदा दिले की तुम्ही परताव्याच्या रांगेत. म्हणून घरात एक नियम करा आणि म्हाताऱ्या माणसांना तो नीट समजावा: ज्याने मागवलंय त्याने आधी सांगितलेलं नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, पार्सल घ्यायचं नाही. "नाकारलं" अशी नोंद करून ते परत जाऊ द्यायचं.

डिलिव्हरीवाल्यावर डाफरू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? त्याच्या हातात यंत्र आहे, यादी आहे आणि अजून साठ दारं आहेत. "मागवलेलं नाही, परत न्या" एवढं पुरतं.

दुसरी पाचर अशी. तुम्ही नाही म्हणता, आणि फोन येतो: "हरकत नाही, ऑर्डर रद्द करतो, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा." रद्द करायला ओटीपी कशाला हवा, हा प्रश्न त्या क्षणी कुणाला सुचत नाही, कारण समोरचा मदत करतोय असं वाटतं. तो ओटीपी पार्सल पोहोचल्याची पोच असू शकतो, नाहीतर तुमच्याच खात्यातल्या व्यवहाराची परवानगी. ओटीपीचा संदेश पूर्ण वाचा. कशासाठी आहे ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.

सहावी: लेखी कळवा

एक मागवलं आणि दोन आले, किंवा बड्या दुकानाने भलतंच पाठवलं, तर ती प्रामाणिक चूक असण्याची शक्यता जास्त. फोन करू नका, किंवा केलात तरी त्यानंतर लिहा. मी नेहमी एवढंच लिहून देतो:

"अमुक तारखेला अमुक ट्रॅकिंग नंबरचं पार्सल माझ्या पत्त्यावर आलं. ही वस्तू मी मागवलेली नाही आणि तिचे पैसे देण्याची माझी जबाबदारी नाही. वस्तू न वापरता जपून ठेवली आहे. ३० दिवसांच्या आत तुमच्या खर्चाने, आधी वेळ कळवून ती घेऊन जावी. लेबलचे फोटो सोबत."

यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. "मागवलेली नाही" हे पुढे बिल आलं तर उपयोगी. "न वापरता" म्हटल्याने तुम्ही ती वस्तू आपलीशी केली असं कुणी म्हणू शकत नाही. "तुमच्या खर्चाने" नाही लिहिलं तर परतीचा खर्च हळूच तुमच्या माथी मारला जातो. दुसऱ्याच्या चुकीसाठी तुम्ही रांगेत उभं राहून पदरचे पैसे घालायचे, हे मला आजवर पटलेलं नाही. पत्र मोठं करू नका, टोमणे मारू नका. तक्रारीत राग दिसला की समोरचा रागाला उत्तर देतो, मुद्द्याला नाही.

सातवी: आता कायदा

आता "ठेवून घेतलं तर?" याचं उत्तर देता येतं. देशागणिक ते बदलतं, म्हणून तुम्ही जिथे राहता ते बघा.

अमेरिकेत १९७० च्या टपाल पुनर्रचना कायद्यापासून न मागवलेला माल पाठवणंच गैरव्यवहार मानलं जातं. अपवाद दोन: ठळक खूण केलेला मोफत नमुना आणि देणगीसाठी धर्मादाय संस्थेने पाठवलेली वस्तू. पण तेही तुम्ही फुकट ठेवू शकता. असा माल भेट समजून ठेवा, वापरा, फेका, काहीही बंधन नाही, आणि पाठवणाऱ्याने त्याचं बिल पाठवणं बेकायदा.

ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्यात वाट बघावी लागे: सहा महिने, किंवा पाठवणाऱ्याला लेखी कळवलं तर तीस दिवस. २००० साली नियम बदलले आणि ती वाट बघणं संपलं. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहकहक्क निर्देशाचं कलम २७ सांगतं की न मागवलेल्या मालाचे पैसे ग्राहकाने द्यायचे नाहीत, आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून त्याचा होकार धरायचा नाही.

ऑस्ट्रेलियातली तरतूद मला सगळ्यांत समजूतदार वाटते. पैसे द्यायचे नाहीतच, पण विक्रेत्याला वस्तू परत न्यायला तीन महिने. तुम्ही पत्ता देऊन लेखी कळवलंत तर एकच महिना. त्या मुदतीत तो न्यायला आला तर विनाकारण अडवायचं नाही आणि मुद्दाम नासधूस करायची नाही. मुदत संपली की वस्तू तुमची. वस्तू तुमच्यासाठी नव्हतीच हे उघड दिसत असेल, तर हा फायदा मिळत नाही.

भारतात राहणाऱ्यांनी इथे थबकायला हवं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७० खालचं पहिलंच उदाहरण जणू आपल्या दारातल्या पार्सलासाठी लिहिलंय: व्यापारी 'अ' चुकून 'ब' च्या घरी माल ठेवून जातो, 'ब' तो आपलाच असल्यासारखा वापरतो, तर 'ब' ने 'अ' ला पैसे द्यायला हवेत. आणि कलम ७२ म्हणतं की चुकून हाती आलेली वस्तू परत करायची. म्हणजे अमेरिकेतला "वापरा, तुमचीच आहे" हा सल्ला ऐकून तुम्ही दुसरं मिक्सर खोक्याबाहेर काढलंत, की तिथेच पाय घसरतो. वस्तू बाजूला ठेवा, लेखी कळवा, न्यायला या म्हणा.

उलट बाजूने, "तुम्ही परत केलं नाहीत म्हणजे घेतलंत, आता पैसे द्या" हा दावाही तितकाच पोकळ आहे. यामागे घोड्याची गोष्ट आहे. १८६२ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा खटला आला. काकाने पुतण्याला कळवलं होतं, तुझ्याकडून उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. लिलाववाल्याने चुकून घोडा विकला आणि काकाने त्याच्यावर दावा लावला. काका हरला. गप्प बसलेल्या माणसावर करार लादता येत नाही. पुतण्याला मनातून घोडा द्यायचा होता, तरीसुद्धा. भारतातल्या करारालाही स्वीकार कळवावा लागतो. मौन म्हणजे संमती ही म्हण बिलाच्या बाबतीत चालत नाही.

दर महिन्याला येणाऱ्या पार्सलाचं काय? तो बहुतेक वेळा न मागवलेला नसतो, नकळत मागवलेला असतो. बारीक अक्षरात "नमुन्यानंतर वर्गणी सुरू" असं कुठेतरी असतंच. पाकीट परत पाठवून काही होत नाही. मूळ ठिकाणी जाऊन वर्गणी बंद करा, पडद्याचा फोटो घ्या, आणि बँकेतली आपोआप पैसे काढण्याची परवानगीही रद्द करा. फक्त एकच केलंत तर दुसरं चालू राहतं. भारतात ग्राहकाला अशा सापळ्यात अडकवणं आणि टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं हे दोन्ही २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणारी ॲपची मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन निषिद्ध केलंय, तक्रारीत तो उल्लेख जरूर करा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

इथे थांबा, पुढे स्वतः जाऊ नका

पैसे गेलेत: आधी बँक, मग बाकी जग. कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक घ्या. भारतात असाल तर लगेच १९३० वर सायबर फसवणुकीची नोंद. विक्रेत्याशी गोड बोलून सुटेल म्हणून एक दिवसही घालवू नका.

महागडी वस्तू आली आणि कुणीतरी न्यायला आलंय: देऊ नका. चोरलेल्या कार्डाने तुमच्या पत्त्यावर माल मागवायचा आणि मग कुरिअरचा माणूस असल्याचं भासवून उचलायचा, ही नेहमीची पद्धत आहे. माझ्या एका सहकाऱ्याकडे आलेल्या माणसाकडे ट्रॅकिंग नंबरसुद्धा होता. ओळखपत्र मागितल्यावर "गाडीत आहे" म्हणून जो गेला तो गेलाच. दार लावून घ्या, विक्रेत्याला स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करा, न्यायला आलेला माणूस धमकावू लागला तर पोलिसांना. भांडत बसू नका.

आत पावडर, औषधं, गळणारं काही, फुगलेली बॅटरी: हात लावू नका, वास घेऊ नका, खोली मोकळी करा आणि आपत्कालीन सेवेला बोलवा. बिया किंवा रोपं असतील तर कृषी खातं.

न मागवलेलं क्रेडिट कार्ड आलं: कापून फेकणं हा उपाय नाही, खातं चालूच राहू शकतं. बँकेकडून लेखी बंद करून घ्या. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. स्पष्ट संमतीशिवाय ते सुरू करून बिल लावलं तर बँकेने ती रक्कम तर उलटवायचीच, वर तिच्या दुप्पट दंडही द्यायचा. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. आणि कार्ड तुमच्या कागदपत्रांवर दुसऱ्याच कुणी काढलं असेल, तर आपला पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) मागवा. त्यात अनोळखी कर्ज दिसलं की काम माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेर गेलं, वकील बघा.

वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत: एकदा लेखी "ही वस्तू मी मागवलेली नाही, देणं अमान्य" असं कळवा आणि फोनवर काहीही कबूल करू नका. "थोडे भरून मिटवा" म्हणतील. थोडे भरणं म्हणजे देणं मान्य केल्यासारखं दिसतं. साधं धमकीचं पत्र आणि न्यायालयाचं समन्स यांतला फरक मात्र ओळखा. पत्राला तुमचं एक लेखी उत्तर पुरतं. समन्स आलं तर तारीख चुकवू नका. दावा कितीही खोटा असला तरी तुम्ही गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी लागू शकतो. त्या दिवशी लेबलचे फोटो, पाठवलेलं पत्र आणि त्याची पोच घेऊन वकिलाकडे जा. एवढे तीन कागद असले की तोही पहिल्या बैठकीत मुद्द्यावर येतो.